तिवड्याची जोडी

खळ्यात तिवडा उभा राहिला की माझा उजवा खांदा अजून आपोआप हलतो. कुणाला दिसत नाही, पण मला कळतं. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. कणसं पसरली की बैल त्याच्याभोवती फिरत राहतात आणि त्यांच्या खुरांखाली ज्वारी मोकळी होते. या सुगीत मी कॉलेजातून आठ दिवसांची रजा मागून गावी आलो आहे. पुढच्या मळणीसाठी खळं नुकतंच पुन्हा शेणानं सारवलंय. वरचा थर सुकला असला तरी खालून अजून ओलसर थंडावा येतो. नवा तिवडा सहा सुग्यांनंतरही पांढुरका आहे, त्याला अजून दोराची खाच पडलेली नाही. मी त्याच्याकडे पाहतो आणि मला जुना तिवडा आठवतो.

मी आमच्या घरातला पहिला शिकणारा. शाळा सरकारी भाषेतून, म्हणजे उर्दूतून झाली, हैदराबादेत कॉलेजही उर्दूतूनच चाललंय. मराठी येते ती घरात ऐकलेली, आणि वसतिगृहातल्या मित्रांकडून मागून आणलेल्या पुस्तकांतली. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. पण हे उर्दूत लिहिता येणार नाही. आणि नुसतं बोलूनही चालणार नाही, कारण बोलून मी एकदा चूक करून बसलो आहे.

गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात मी एक गोष्ट सांगितली होती. लहानपणी आम्ही दोघा मित्रांनी हातांनी व्यायामाच्या मुद्गलांची जोडी केली, तालमीला परवाना नाही म्हणून सरकारच्या माणसांनी ती उचलून नेली, आणि चुगली करणारा आमच्याच गावचा होता, अशी ती गोष्ट. लोकांनी बराच वेळ टाळ्या वाजवल्या. तोवर मी कुणासमोर उभा राहून बोललेलो नव्हतो. त्या टाळ्यांनंतर मला नावानं ओळखणारे वाढले. त्या गोष्टीत जोडी खरी होती. बाकीचं खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे मला माहीत नव्हतं. ज्यांनी ती ऐकली त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमचं गाव परभणीकडच्या बोरीपासून दोन कोसांवर. मी तेव्हा चौदा वर्षांचा असेन. लिंबाजी माझ्याहून वर्षानं मोठा. त्याच्या घरी मेंढरं होती, आमच्या घरी थोडी जमीन. दोघांनाही पैलवान व्हायचं होतं. का, ते सांगता येणार नाही. त्या वयात शरीर हीच एक वस्तू आपली वाटते. बाकी सगळं बापाचं असतं.

आमचे वस्ताद होते हुसेनभाई पिंजारी. पन्नाशी उलटलेला माणूस, तरुणपणी जत्रांतून कुस्त्या केलेला. दिवसभर पिंजणानं कापूस पिंजायचे. ती ताणलेली तार तुणतुणत असायची आणि त्यांच्या भुवयांवर कापूस साचलेला असायचा. आमच्या गोठ्यापलीकडेच त्यांच्या घराची मागची भिंत होती आणि त्या मधल्या पडीक तुकड्यावर त्यांनी आम्हाला तालीम करू दिली. शिकवण्याबद्दल ते काही घेत नसत. नागपंचमीला पायावर नारळ ठेवायचा आणि सुगीत सूपभर ज्वारी नेऊन द्यायची, एवढंच.

आमची माती काळी. ओली असली की पाय सोडत नाही, वाळली की भेगा पडतात. तिच्यावर कुस्ती खेळणं म्हणजे एकदा ओल्या गुळात आणि एकदा फुटक्या खापरांवर पडणं. वस्तादांनी आम्हाला शिवारातली सोडून दिलेली वारुळं शोधायला लावली. त्यांची माती आम्ही टोपल्यांनी वाहून आणली, चाळली, तिच्यात ताक, हळद, करडीचं तेल आणि कडुलिंबाचा पाला कालवला. त्या हौदातून उठून घरी गेलं की अंगाला कढीचा वास यायचा. लिंबाजीची आई म्हणायची, पोरं तालमीत जातेत का पातेल्यात, कळत न्हाई.

बाजारातून काही आणण्याची आमची ऐपत नव्हती आणि वस्तादांना त्याची खंतही नव्हती. ते म्हणायचे, "इकत आणलेलं वजन तुमाला वळखत न्हाई. सोता केलेलं वळखतं." आमच्या जात्याची वरची तळी झिजून टाकून दिली होती. तिच्या मधल्या भोकातून अंबाडीचा दोर ओवून आम्ही ती गळ्यात घातली आणि बैठका मारल्या. दोर मानेला कापायचा, तेव्हा लिंबाजीनं लोकर वळून त्यावर गुंडाळली. मोटेचं मोडकं चाक कडुलिंबाच्या फांदीला टांगलं. एका बाजूला फाटक्या मोटेच्या कातड्यात दगड बांधले आणि दुसऱ्या बाजूनं दोर ओढला. पहिल्या दिवशी पाठ अशी दुखली की मला पालथं झोपावं लागलं. दंड काढायला दोन चपटे दगड होते. लिंबाजीच्या जुन्या घोंगडीचं पोतं शिवून त्यात वाळू भरली होती. ते खांद्यावर घेऊन आम्ही ओढ्यापर्यंत पळायचो आणि वाटेत भेटणारी माणसं विचारायची, कुनाचं बोचकं पळवलं रे.

पण मुद्गल नव्हते. मुद्गलाशिवाय तालीम म्हणजे बैलाशिवाय गाडी. साधं लाकूड चालत नाही. ते वजनदार, मुरलेलं, न तडकणारं लागतं.

त्या वर्षी आमचा तिवडा बदलायचा होता. तो आजोबांच्या वेळचा, बाभळीचा. कित्येक सुग्यांमध्ये दोर घासून त्याच्या अंगाला कमरेइतक्या उंचीवर एक गुळगुळीत खाच पडली होती. बैलांच्या घामानं आणि कोंड्यानं तो काळाभोर झाला होता. आमच्याकडे जुना तिवडा चुलीत घालत नाहीत. गोठ्याच्या आढ्याला आडवा बांधून ठेवतात. मी बांना विचारलं. माझे वडील फार बोलणारे नव्हते. त्यांनी तिवड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, जाळू नका म्हंजी झालं.

एवढी मोठी गोष्ट त्यांनी मला त्याआधी कधी दिली नव्हती. म्हणूनच पुढचं लिहिणं मला जड जातं.

सुतारानं तिवड्याचे दोन तुकडे करून ढोबळ आकार दिला. त्या बदल्यात आम्ही चार दिवस त्याच्या करवतीवर आणि रंध्यावर राबलो. उरलेलं आम्ही केलं. फुटक्या बाटलीच्या काचेनं घासघासून मूठ बारीक केली, बोटं कापून घेतली. तरी वजन कमीच वाटत होतं. मग लिंबाजीच्या डोक्यातून निघालं की पोटात वाळू भरू. पहारीचं टोक लाल करून आम्ही जाड बाजूनं भोक जाळत नेलं. धूर नाकात जायचा. त्या धुराला जुन्या कडब्याचा वास होता. ओढ्याची वाळू धुऊन घोंगडीवर पसरली. आम्हाला घाई झाली होती, वाळू पुरती वाळली नव्हती, तरी ठोकून ठोकून भरली, वर लाकडी खुंटी मारली आणि राळ ओतून तोंड बंद केलं. शेवटी लिंबाजीनं दोन्ही मुद्गलांच्या बुडाशी दोन चिरा आणि त्यांच्यामध्ये एक टिंब कोरलं. त्यांच्या मेंढरांच्या कानावर हीच खूण असते. म्हणाला, हरवली तर वळखायला येईल.

पंधरा दिवसांत आतली वाळू वाळली आणि खाली बसली. लाकडानं तिचं पाणी पिऊन घेतलं असावं. मुद्गल फिरवला की आतून सर्र असा आवाज यायचा. खांद्यामागून वर आणला की मुद्गल आधी यायचा आणि त्यातलं वजन थोडं मागून. तोल जायचा. माझ्या खांद्याला असा हिसका बसला की दोन दिवस हात वर झाला नाही. आम्हाला रडू यायचं बाकी होतं. खुंटी काढून पुन्हा भरावं म्हणून वस्तादांकडे घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही मुद्गल फिरवले, थांबले, पुन्हा फिरवले आणि हसायला लागले.

"फोडू नका," ते म्हणाले. "हिची वाळू अर्धा श्वास मागून येती. तेवढं थांबायला शिका. कुस्तीत दुसरं काय असतंय?"

आम्ही शिकलो. महिनाभरात ती जोडी आमच्या हातात अशी फिरू लागली की आवाजाचाच ठेका व्हायचा. पिंजणाची तुणतुण आणि वाळूची सर्र. सुगीतल्या सकाळी दोन्ही एकदम ऐकू यायचे. गावातल्या मोठ्या माणसांनीही ती उचलून पाहिली आणि पहिल्याच फेऱ्यात तोल जाऊन खाली ठेवली. लिंबाजी त्यांना म्हणायचा, काका, तिला आधी नाव सांगा तुमचं.

त्याच सुगीत गिरदावरसाहेब आले. महसुलाच्या कामानं गावोगाव फिरायचे, आमच्या गावात चावडीवर दोन दिवस मुक्काम होता. व्यायामाची आवड असलेला गोरापान माणूस. सकाळी फिरता फिरता आमच्या पडीक तुकड्यापाशी थांबले. आम्ही घाबरलो, कारण तालमीला परवाना लागतो, नाहीतर बंद करतात, असं तेव्हा सगळीकडे बोललं जायचं. पण त्यांनी जोडी हातात घेतली, फिरवली, हेलपाटले आणि मोठ्यानं हसले. बुडाशी कोरलेली खूण निरखून पाहिली. कुणी केली, कशी केली, सगळं विचारलं. मग मला विचारलं, शिकतोस का. मी सांगितलं, सहावी झाली, पुढची शाळा इथं नाही, असती तर सोडली नसती. बा गोठ्याच्या दारात उभे होते. साहेब जोडीकडे पाहत होते आणि बा साहेबांच्या तोंडाकडे पाहत होते. हे मला आज आठवतंय. तेव्हा मी फक्त साहेबांच्या दंडाकडे पाहत होतो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी लिंबाजीची मेंढरं खतासाठी शेजारच्या गावच्या एका रानात बसवायची होती. त्याच्या सोबतीला मीही गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो तर जोडी नव्हती. जात्याची तळी होती, मोटेचं चाक टांगलेलं होतं, घोंगडीचं पोतं होतं. भिंतीला टेकून जोडी उभी असायची तिथं मातीत फक्त दोन गोल ठसे होते.

बा तिथंच उभे होते. म्हणाले, "चावडीवर जवान आलते. तालमीला परवाना न्हाई म्हनून जोडी न्हेली. कुनीतरी सांगितलं आसंल."

सुगीत दिवसा गावात चिटपाखरू नसतं, सगळे रानात. कुणी आलं, कुणी गेलं, पाहणारं कुणी नव्हतं. आणि सरकारनं बाकी सगळं सोडून नेमकी तीच एक सुंदर वस्तू उचलावी, याचं आम्हाला नवल वाटलं नाही. आम्ही संतापलो होतो. संतापलेल्या माणसाला विचार करायला सवड नसते, त्याला एक नाव हवं असतं.

हुसेनभाई त्या तीन दिवसांत परभणीला गेले होते. गाद्या भरायच्या कामानं नेहमी जायचे तसेच. पण गिरदावरांच्या शिपायाशी ते चावडीवर बोलताना कुणीतरी पाहिलं होतं. दोघं एका धर्माचे. एवढं पुरलं. पहिल्यांदा कोण बोललं ते मला खरंच आठवत नाही. लिंबाजी म्हणतो तो नव्हता. मीही नव्हतो बहुतेक. पण मी मान डोलावली होती, हे आठवतं.

वस्ताद परभणीहून परतले तेव्हा आमच्या दारात आले. जोडी कुठं आहे म्हणून विचारायला. मी अंगणात होतो. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि गोठ्यात गेलो. आतून मला ऐकू येत होतं, ते थोडा वेळ थांबले, मग चपला वाजल्या. बा घरातच होते. बाहेर आले नाहीत.

त्या नागपंचमीला त्यांच्या पायावर नारळ पडला नाही. हौदात पावसाचं पाणी साचलं, वारुळाची माती विरघळून ओढ्याला गेली. गावातल्या लोकांनी कापूस पिंजायला बोरीला न्यायला सुरुवात केली. भांडण नाही, शिवी नाही. फक्त पिंजणाची तुणतुण कमी कमी होत गेली.

मला मात्र त्या वर्षी परभणीच्या शाळेत आणि तिथल्या वसतिगृहात जागा मिळाली. बा स्वतः सोडायला आले. वाटेत म्हणाले, गिरदावरसायबाची चिठ्ठी, त्यांची मेहेरबानी इसरू नको. मी विसरलो नाही. साहेबांची लगेच बदली झाली म्हणून त्यांना भेटणं झालं नाही, इतकंच.

या सुगीत गावी येताना मला एका वर्गमित्राकडून कळलं होतं की साहेब पेन्शन घेऊन परभणीत राहायला आले आहेत. दोन शेर नवी ज्वारी फडक्यात बांधून त्यांच्या पाया पडून यावं असं मी घरी म्हणालो. बा म्हणाले, आता कशाला. म्हातारा माणूस, वळखायचा बी न्हाई. मला वाटलं, बा भिडस्त आहेत. मी गेलो.

साहेब अंगणात खुर्चीवर बसले होते. खूप वाळले होते. मी गावाचं नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अरे, तुम तो वो मुद्गलवाले!" आणि उठून कोपऱ्याकडे गेले. तिथं भिंतीला टेकून जोडी उभी होती.

तेल लावून चकचकीत ठेवलेली. दोराच्या खाचेची काळी रेघ दोन्ही तुकड्यांवर तशीच. मी वाकून एक मुद्गल उचलला, आडवा केला आणि बुडाशी दोन चिरा आणि टिंब पाहिलं. तेवढ्या हालचालीनंही आतून सर्र असा आवाज आला.

साहेब बोलत होते. प्रेमानं बोलत होते. ही कधी नीट फिरवता आली नाही म्हणाले, हिला आपलंच काहीतरी सांगायचं असतं. तुमचे वालिद पहाटे गाडी जुंपून, कडब्याखाली झाकून स्वतः घेऊन आले होते. मी म्हटलं, पोरांची चीज आहे, ठेवा. तर म्हणाले, पोरांनीच पाठवलीय, खुशीनं. आणि मग साहेब सहज म्हणाले, त्याआधी दोनच दिवस मी तुझ्या शाळेची चिठ्ठी लिहून ठेवली होती. तुझा जवाब मला आवडला होता. जोडी आली नसती तरी ती पाठवणारच होतो.

माझ्या हातात मुद्गल होता आणि मला तो खाली ठेवता येत नव्हता. साहेबांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, घेऊन जा, माझ्यानं आता होत नाही, घराची वस्तू घरी जाऊ दे.

गावाकडे येणाऱ्या एका गाडीत मी जोडी ठेवली आणि तिच्याजवळ बसून आलो. रस्त्यात गचका बसला की वाळू बोलायची. सहा वर्षं मी जिच्याबद्दल हळहळत होतो, जिच्यामुळे टाळ्या मिळवल्या, ती परत मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र त्या आवाजाची लाज वाटत होती. गावात न शिरता मी गाडी लिंबाजीच्या वाड्यापाशी, म्हणजे मेंढरांच्या काटेरी कुंपणापाशी थांबवली. लिंबाजी आता दाढीमिशांचा बाप्या आहे. त्यानं मुद्गल उलटा केला, खुणेवर अंगठा फिरवला आणि मी सांगत होतो ते सगळं मान खाली घालून ऐकलं.

"सहा वरसं," तो म्हणाला, "म्या त्या म्हाताऱ्याच्या दारावरून मेंढरं बी न्हेली न्हाईत. लांबून न्हेतो, ओढ्यानं." मुद्गल खाली ठेवून म्हणाला, "मेंढरांनी तरी काय केलं व्हतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यावर गेलो. बा बैलांमागून चालत होते. मळणीत माणसाला थांबता येत नाही. म्हणून मीही त्यांच्या बाजूनं गोल चालू लागलो. कणसं पायाखाली मोडत होती.

"बा, जोडी परभनीत व्हती," मी म्हणालो.

त्यांनी बैलांचा एक फेरा पुरा केला. मग म्हणाले, "कुनी सांगितलं?"

"घेऊन आलोय. लिंबाजीच्या वाड्यावर हाय."

आणखी अर्धा फेरा. बैलांच्या तोंडाला मुसक्या होत्या, त्यांचा श्वास फुसफुस करत होता.

"लाकूड मपलं व्हतं," बा म्हणाले. "आन पोरगं बी मपलंच."

"आन वस्ताद?"

"म्या त्येचं नाव घेतलं न्हाई."

"लोकांनी घेतलं, तवा?"

बांनी बैलांना च्यॅक केलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"म्हनून तर तू शिकायलास," ते म्हणाले.

माझं शिकणं या एका वाक्यात त्यांनी माझ्या गळ्यात घातलं, जात्याच्या तळीसारखं. मी मागितलं नव्हतं, असं म्हणता येईल. पण नकोही म्हटलं नव्हतं. रागावावं तर कुणावर, हे मला तिथं चालता चालता ठरवता येईना. ज्या माणसानं मला तिवडा दिला त्यानंच तो मला न विचारता उचलून दिला, आणि दिला तोही फुकट, कारण चिठ्ठी आधीच लिहिलेली होती. मी ते बाला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं की नको, हेही मला कळत नाही. त्या माणसाला सहा वर्षं एवढं तरी समाधान असेल की आपण केलं त्याचं काही झालं. ते काढून घ्यायला माझी जीभ उचलली नाही.

मी खळ्याबाहेर पडत होतो तेव्हा ते मागून म्हणाले, "रंगनाथ, गावात आनू नको ती. तेवढं कर. लोक मपल्या तोंडावर थुकतील."

त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं.

मी तो दिवस ओढ्याच्या काठावर काढला. जोडी लिंबाजीच्या वाड्यातच राहिली असती तरी कुणाचं काय बिघडलं असतं? बाचं तोंड राहिलं असतं. मी रजा संपली की हैदराबादेला गेलो असतो, मंडळाच्या पुढच्या मेळाव्यात पुन्हा कुणी ती गोष्ट सांग म्हटलं असतं. आणि वस्तादांना तर सवय झालेली आहे, असंही मनात आलं. हा विचार आला तेव्हा मात्र मला स्वतःची किळस आली. सवय त्यांना आम्ही लावली होती.

परवा सकाळी, बाया पाण्याला निघतात त्या वेळी, लिंबाजीनं एक मुद्गल खांद्यावर घेतला, मी दुसरा घेतला आणि आम्ही वेशीतून आत शिरलो. घाई केली नाही. पावलागणिक दोन्ही मुद्गलांतून वाळूचा आवाज येत होता. एक म्हातारा पारावरून उठून उभा राहिला. सरकारनं नेलेली वस्तू सरकार असं परत आणून देत नाही, हे त्यालाही कळत होतं. हंडे घेतलेल्या बाया बाजूला सरल्या आणि मग मागून येऊ लागल्या.

हुसेनभाई दारात बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आता फूल पडलंय, दिसत नाही. पिंजण आत खुंटीला टांगलेलं होतं, तार सैल झालेली. आम्ही काही बोलायच्या आधी त्यांनी मान वर केली आणि हात पुढे केला. मी मुद्गल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हलकेच आडवा हलवला. कान जवळ नेला.

"कुठं व्हती रं?" त्यांनी विचारलं.

"परभनीला. गिरदावरसायबाकडं."

"कुनी न्हेली व्हती?"

मागे बाया उभ्या होत्या, पारावरची माणसं आली होती. लिंबाजीनं माझ्याकडे पाहिलं. तो हे उत्तर देऊ शकत होता, पण ते माझं होतं.

"बानं," मी म्हणालो.

एवढंच बोललो. मेळाव्यात मी पाऊण तास बोललो होतो.

वस्ताद बराच वेळ मुद्गलाच्या मुठीवरून बोटं फिरवत होते. माफी मागायला मी वाकलो तर त्यांनी मला पाय दिले नाहीत. मागे घेतले. रागानं नाही, पण मागे घेतले. मग मुद्गल माझ्याकडे परत दिला. मला वाटलं, घेऊन जा म्हणतील. मी तो उचलून आत, पिंजणाच्या खालच्या कोपऱ्यात ठेवायला निघालो.

"आत नको," ते म्हणाले. "दारात ठेव. दोन्ही बाजूंनी एकेक. येनाऱ्याजानाऱ्याला दिसू दे."

आम्ही तसं केलं. चौकटीच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला एक.

आमच्या घरून खळ्याकडे जायला एकच वाट आहे आणि ती त्या दारावरून जाते. काल संध्याकाळी मी ओट्यावर बसून पाहत होतो. बा बैल घेऊन परतत होते. त्या दारापाशी आल्यावर त्यांनी पागोटं थोडं पुढे ओढलं आणि चाल बदलली नाही. आज सकाळी ते बैल घेऊन लवकर निघाले. मला उठवलं नाही. मी अंथरुणात पडून खुरांचे आवाज ऐकले. ते हुसेनभाईंच्या दारापर्यंत गेले. तिथं थांबले.

मी श्वास धरून थांबलो. पण बोलण्याचा किंवा वाळूचा, दुसरा काही आवाज आला नाही. थोड्या वेळानं बैल पुढे निघाले.